बोलणारे मीटर आणि आम्ही चौघी

न्हावऱ्याजवळच्या डेअरीत आम्ही चौघी दुधाच्या टाक्या धुतो, त्यांचं तापमान वहीत लिहितो. टाक्या धुऊन निघतात, किस्से काही संपत नाहीत. त्यात यंदा स्मार्ट मीटर आले, आणि नुसता ढीग लागला!

साहेब म्हणाले, "आता टाकीचं तापमान मीटरच कॉम्प्युटरला सांगणार. महिनाभर बघू. जमलं तर तुमच्यातल्या दोघी घरी."

कुठल्या दोघी, ते सांगितलं नाही. म्हणून झोप चौघींची गेली. पण मी तोंडावर बोलले, "आधी त्यांना बोलू तर द्या!"

*

बोलतायत कसले! वायर एकच, आणि सगळ्या मीटरना कंपनीतून नंबरही एकच आलेला. कॉम्प्युटरने हाक मारली की सगळे एकदम ओरडायचे. दौंडचा सलीम टेक्निशियन म्हणाला, "मावशी, प्रत्येकाला वेगळा नंबर लागतो. मग ज्याला पुकारलं तोच बोलतो, बाकीचे गप्प."

आमची शकू म्हणाली, "व्हय? मग आमच्या घरातल्यांनाबी दे की नंबर!"

*

तरी मोटार चालू झाली की आकडे नाचायचे. मीटरची वायर मोटारीच्या केबलला चिकटून टाकलेली. सलीमने ती लांबून नेली. "डीजेपुढं उभं राहून सोयरीक ठरत न्हाई, मावशी!"

*

खंडेनवमीला आम्ही मीटरचीही पूजा केली. मीटरला नंबर द्यायचं सलीमचं यंत्र पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं. सलीमने बघितलं, हात जोडले. "कुंकू चालंल, मावशी. नारळ तेवढा दुसरीकडं फोडा!"

*

महिना भरत आला. दोन टाक्यांचे मीटर बदलले आणि सलीम रजेवर. साहेब म्हणाले, "नंबरच द्यायचा ना? मी देतो." दिले.

दुसऱ्या दिवशी एक नंबरची टाकी आम्ही कढत पाण्याने धूत होतो. दोन नंबरात गार दूध. साहेब पळत आले. "दोन नंबरचं दूध तापलं! काय केलंत तुम्ही? सोडा गटारात!"

मी कॉकसमोर आडवी उभी राहिले. "सगळ्या गावाचं दूध हाय. आधी हात लावून बघा."

"मीटर सांगतंय ना!"

"मीटरला हात न्हाई. तुम्हाला हाय."

साहेबांनी दोन नंबरच्या कॉकला हात लावला. बर्फ! मग एक नंबरच्या कॉकला लावला, आणि साहेबांनी जागेवर उडीच मारली!

नळाखाली हात धरून सलीमला फोन लावला. "अरे, दोन्ही नंबर उलटे पडलेत. ये लवकर."

मी विचारलं, "मग साहेब, उद्यापासून कुठल्या दोघी घरी?"

साहेब लाल तळहाताकडे बघत म्हणाले, "चौघीही सातला हजर पाहिजेत!"

"आठला," मी म्हटलं. "रोज आठलाच येतो."