जावईबापूंची बसलेली गाडी

मंडळी, आज सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

जावईबापू काल माझ्या मुलीला आणि नातीला घेऊन आले. सकाळी गाडी दाखवून म्हणाले, "बाबा, कशी बसली?" गाडी रस्त्याला टेकायचीच बाकी होती. मी घाबरून म्हटलं, "फारच बसली हो!" त्यांना ते कौतुक वाटलं. खुशीत सांगू लागले, "ग्राइंडरनं चारही स्प्रिंगांचे दोन-दोन वेढे कापून घेतले!"

शाळेत गुरुजी आम्हाला बोटांवर मात्रा मोजायला लावायचे. कवितेच्या ओळीतली एक मात्रा गळली की चाल अडखळायची, वर्ग हसायचा, एवढंच. इथे वेढे कापलेत आणि आत माझी नात बसते.

मग आम्ही दोघं त्याच गाडीतून बाहेर पडलो, तर धरमपेठेत चाक पंक्चर झालं. मिस्त्रीनं जॅक लावून गाडी उचलली आणि आत हात घालून स्प्रिंग हलवली. "काकाजी, हे तं सैल होऊन राहिली ना! खड्ड्यात चाक लटकलं का जागेवरून निसटते. काहून कापली जी?"

"काही होत नाही हो," जावईबापू हसले. मीही हसलो. जावयाला उलटं बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत.

आता तिघं सावनेरला निघाली आहेत. बॅगा दाराशी आहेत. जावईबापू घरभर किल्ली शोधताहेत, नात पलंगाखाली वाकून पाहते आहे. किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे.

लग्नाला बारा वर्षं झाली, त्यांना मी कधी 'नाही' म्हटलेलं नाही. आज म्हणायचंच आहे. तुम्ही कसं म्हटलं असतं? लवकर सांगा, ते माझ्याच खोलीकडे येताहेत.