टाकीतलं उरलेलं पेट्रोल

आमच्या ह्यांना वस्तू वापरण्यापेक्षा ती ठेवण्याचा सोस जास्त. मृग तोंडावर आला, मढच्या डोंगरावर ढग बसायला लागले, की ह्यांचं सुरू होतं, "लॉनची गाडी ठिवायला पायजे." म्हणजे गवत कापायची, वर बसून चालवायची लाल गाडी. आमचं लग्नाचं लॉन आहे. पावसाळ्यात मुहूर्त नसतात आणि ओल्या जमिनीत गाडी रुतते, म्हणून ती दसऱ्यापर्यंत शेडमध्ये बांधून ठेवायची. गवत म्हशी खातात.

गेल्या वर्षी नुसती ताडपत्री टाकून ठेवली, तर उंदरांनी वायरी कुरतडल्या आणि टाकीतलं पेट्रोल नासलं. ओतूरच्या मेकॅनिकनं कार्बोरेटर उघडून वास घेतला आणि ह्यांच्याकडे असं काही बघितलं, की मलाच लाज वाटली. तेव्हा यंदा नीट ठेवायची हे मलाही पटतं हो. पण ती गाडी बांधली, की मला जाऊबाईंकडे जाता येत नाही. आणि हे कुणाच्या डोक्यातच शिरत नाही!

वाटण्या झाल्यावर थोरल्या जाऊबाईंनी घर बांधलं ते लॉनच्या पलीकडे, भातखाचरांच्या टोकाला. माझे गुडघे कामातून गेलेत. तिथवर चालत जाववत नाही, ट्रॅक्टरवर चढवत नाही, मोटरसायकलवर टांग टाकवत नाही. या गाडीची सीट बुटकी, म्हणून जमतं. पहिल्यांदा बसले तेव्हा हे खो खो हसले होते. हसा म्हटलं! तेव्हापासून रोज दुपारी पातं बंद ठेवून मी जाऊबाईंच्या दारात. त्या संक्रांतीपासून अंथरुणाला आहेत, आणि कानानं पार गेल्यात, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. समोरच्याच्या तोंडाकडे बघून त्यांना बोलणं कळतं. मी नवी नवरी होते तेव्हा माझ्या करपलेल्या भाकरी सासूच्या नजरेला पडायच्या आत स्वतःच्या ताटात ओढून घेणारी बाई ती.

"दसऱ्याला काढू की परत," हे म्हणाले.

"आन तवर जाऊबाई थांबत्यात व्हय?"

हे पाना शोधायला खाली वाकले.

मुलानं पुण्याहून मोबाईलवर अशी गाडी बांधून ठेवायचा व्हिडिओ पाठवला होता. त्यात एक गोरा माणूस चकचकीत गॅरेजात हसत हसत सगळं करतो. त्याच्याकडे उंदीर नसावेत, आणि जाऊही नसावी. इथं हे गाडीखाली आडवे होऊन माझ्यावर खेकसत होते आणि मी स्टुलावर बसून पात्याच्या झाकणाला चिकटलेलं वाळकं गवत खुरप्यानं खरवडत होते. पाती काढून तेल लावून कागदात गुंडाळली. ऑईल बदललं. डांबराच्या गोळ्या कुठं ठेवल्या म्हणून मलाच बोलणी, आणि निघाल्या कुठं, तर ह्यांच्याच खिशात! मी खुरपं आपटलं.

शेवटी राहिलं पेट्रोल. ह्यांनी नळीनं ओढून मोटरसायकलमध्ये घेतलं. तळाला थोडं उरलं, ते इंजिन चालवूनच संपवावं लागतं, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो.

"मी संपवते," मी म्हणाले.

"हितंच, शेडम्होरं."

"व्हय," म्हणाले आणि सरळ खाचरांच्या वाटेला लागले. मागून ह्यांच्या हाका येत होत्या. येऊ देत.

जाऊबाईंच्या अंगणात गाडीनं दोन आचके दिले आणि ओट्यापुढंच बंद पडली. ओट्यावरच्या खाटेवरून त्या बघत होत्या.

"बंद पडली?"

"पडली!"

"बरं झालं. बस."

मी खाटेच्या कडेला टेकले. त्यांनी माझा गुडघा चाचपला, म्हणाल्या, "लई सुजलाय गं." स्वतःच्या दुखण्याचं अवाक्षर नाही. मला रडूच कोसळलं. तेवढ्यात वारं सुटलं, आणि पाठोपाठ ट्रॅक्टर घेऊन हे हजर, हातात दोर.

"अक्कल हाय का तुला? पाऊस आलाय डोक्यावर!"

"गाडी न्या. मला ठिवा हितंच."

"गाडी वढायची तर स्टेअरिंग कोण धरंल? मी दोन्हीकडं बसू का?"

खरंच होतं ते, म्हणून तर जास्त राग आला. मी जाऊबाईंकडे वळले आणि तोंड मोठं करून म्हणाले, "दसऱ्याला येते."

त्यांनी माझ्या ओठांकडे नीट बघून घेतलं. म्हणाल्या, "ये की. मी कुठं जातीय."

ह्यांनी दोर बांधला. "म्होरं बघ, सरळ धर," असं ओरडून ट्रॅक्टर सुरू केला. मला मागं वळून बघायचं होतं. पण वाट चिंचोळी, दोन्हीकडे खाचरं, हात सोडला असता तर गाडी खाली गेली असती. जाऊबाईंनी हात वर केला होता का, ते मला माहीत नाही.

शेडमध्ये ह्यांनी बॅटरी काढून घरात आणली, सायलेन्सरमध्ये चिंधी कोंबली, चाकांखाली फळ्या सरकवल्या, गोळ्या टाकल्या, ताडपत्री बांधली. यंदा एक उंदीर शिरायचा नाही, दसऱ्याला पहिल्या झटक्यात चालू होईल, असं चार वेळा बोलून दाखवलं.

होईल की. गाडीची काळजी नाहीच मला.