तापाची मुळी

नंदुरबार स्थानकावर गाडीची वाट पाहताना ते वृद्ध संशोधक मला एकदाच भेटले. सातपुड्यातून आणलेल्या, दाबून वाळवायला ठेवलेल्या वनस्पतींखालचे ओलसर कागद ते सावकाश बदलीत होते. शेजारी तापावरच्या मुळीचे पोते होते. उमेदीची सारी वर्षे तिच्यावरच गेली, असे ते म्हणाले.

"गुण येतो का?" मी विचारले.

"यंदा मुळी दिली ते रोगी बरे झाले," ते थकल्या स्वरात म्हणाले, "आणि दिली नाही तेही."

पोते उचलायला आलेला हमाल हसला. "मंग हाई पोतं फेकी द्या ना, दादा! मन्हं डोकं तरी हलकं व्हई."

"पुन्हा पाहावं लागेल," ते एवढेच म्हणाले.

गाडी आली. त्यांनी पोते आधी चढवले आणि त्याच्यावरच डोके टेकवून डोळे मिटून घेतले.