शिवेवरचा वाघ आणि अबू समराची रांग

दोह्यात सहा वर्षं राहून मी अजून रस्त्याने देश ओलांडला नव्हता. सौदीतल्या अल अहसाचा बेत ठरला तो एवढ्याच कारणाने. तिथल्या गुहा आणि खजुराच्या बागा वगैरे मागाहून शोधल्या. बायको-मुलं नाशिकला गेली होती, म्हणून ऑफिसातल्या सोमनाथला विचारलं. तो म्हणाला, "येतो, पण रेवाला आणावं लागेल. तिचा अभ्यास चालू आहे."

मला वाटलं, बारावीचा. शुक्रवारी सकाळी गाडीत कळलं, भलताच. रेवा त्याची मुलगी, जन्म दोह्याचा, पासपोर्ट भारताचा. पुढच्या महिन्यात नाशिकला तिच्या जमातीच्या दाखल्याची पडताळणी होती. तिथे देव, सण, चालीरीती विचारतात, आणि उत्तरं पटली नाहीत तर राखीव जागेवरच्या मेडिकलवर पाणी सोडायचं. सोमनाथने दोन पानं टाइप करून दिली होती. सलवा रोडभर तिची घोकंपट्टी चालली होती.

"देवता कळसूआई. फेस्टिव्हल वाघबारस. बाबा, वाघबारस म्हणजे काय?"

"लिहिलंय ना. वाघाची पूजा."

"बट व्हाय?"

सोमनाथने एसी वाढवला.

तो महादेव कोळी आहे हे मला त्या गाडीत कळलं. पहिल्या भेटीत, दोह्यातल्या महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात, मी त्याला विचारलं होतं, "आडनाव काय म्हणालात?" आपल्याकडे हा प्रश्न आडनावासाठी नसतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. "धादवड." मला पत्ता लागेना, म्हणून पुढे, "कुठले?" "नगरकडचे," म्हणाला आणि प्लेट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेला. माणूस घुमा आहे, असं मी ठरवून टाकलं.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. दोहा ते अबू समरा, म्हणजे कतारची सीमेवरची चौकी, रस्ता सरळसोट, तासाभराचा. टाकी आधीच भरा आणि करक चहाही अलीकडेच प्या, दोन-तीन रियालमध्ये काम होतं. सौदीचा व्हिसा घरूनच काढा. गाडी कर्जावर असेल तर बँकेचं पत्र हवं. गाडीचा विमा सीमेवर मिळतो, पण शुक्रवारी रांग लागते.

त्या रांगेत आमच्यापुढे एक बदू, म्हणजे वाळवंटातल्या टोळीतला, म्हातारा होता, अबू सालेम. पलीकडे भावाकडे निघाला होता. हिंदी आखाती थाटाची, पण पक्की.

"हमारा कबीला आधा इधर, आधा उधर," त्याने सुरुवातच स्वतःपासून केली. "लकीर बाद में आया. मेरा पासपोर्ट अलग, भाई का अलग. ऊंट का निशान एक." उंटावर डागायची ती खूण, एक रेघ आणि एक कडं, त्याने माझ्या गाडीच्या धुळकट बॉनेटवर बोटाने काढून दाखवली. "तुम्हारा कबीला कौन सा?"

"इंडियन," मी म्हणालो.

"वो तो मुल्क है. पासपोर्ट में लिखा है. कबीला बोलो."

सोमनाथ बुटांकडे बघत होता. रेवा म्हणाली, "महादेव कोळी."

"अच्छा. निशान?"

हे दोन पानांत नव्हतं. तिने बापाकडे पाहिलं. "बाबा, आपल्याला आहे काही?"

मग सोमनाथ बोलला, आणि ती बोली मी सहा वर्षांत ऐकली नव्हती. "आपला वाघोबा हाय ना. गावाच्या शिवंवर दगुड, त्याव वाघ कोरल्याला, वर चंद्र-सूर्य. वाघबारशीला एक पोरगा वाघ व्हतो. बाकीची त्याला पळवत नेत्यात आन इचारत्यात, आमच्या शिवंत येशील का? त्यानं म्हणायचं, न्हाई, न्हाई!"

"तू झालास कधी?" रेवाने विचारलं.

"चार वर्सं. लई मार खाल्ला."

रेवा एवढी हसली की रांग वळून बघू लागली. मी अबू सालेमला हिंदीत सगळं सांगितलं. त्याने पासपोर्टच्या काउंटरकडे हनुवटी केली. "यहाँ भी यही पूछते हैं. लेकिन हम बोलता, आएगा, आएगा!" त्याचा विम्याचा कागद आला. "यल्ला," म्हणत तो निघाला.

अल अहसातली गुहा बाहेरच्या उन्हात खरंच गार लागते. खजूर जुन्या बाजारातून घ्या. बाकी दोन दिवस मी फक्त गाडी चालवली. मागे रेवा विचारत होती, सोमनाथ सांगत होता, आणि ती दोन पानं पायाखाली पडली होती. आडनावाच्या त्या प्रश्नाची मला थोडी लाज वाटत होती.

नाशिकची सुनावणी झाली. "मॅडमना वाघाची पूर्ण स्टोरी सांगितली," रेवा म्हणाली. दाखला वैध ठरल्याचं पत्र वसुबारसेच्या आधी आलं. वसुबारस म्हणजेच त्यांची वाघबारस. सोमनाथने मला दोह्याजवळच्या समैस्माच्या किनाऱ्यावर बोलावलं. पातेल्यात खीर होती, वाळूत एक दगड उभा केला होता आणि त्यावर रेवाने खडूने वाघ काढला होता.

"वाघ कमी पडतोय," सोमनाथ म्हणाला. "तू हो."

पन्नाशीला टेकलेला मी वाळूत पळालो. मागून बापलेक ओरडत होते, "आमच्या शिवेत येशील का?"

मला मंडळातल्या जेवणातला माझा तो प्रश्न आठवला. "नाही, नाही," मी म्हणालो, आणि अगदी मनापासून म्हणालो.

मग त्यांनी मला बोलावून खीर वाढली.