वारा प्यायला, त्याची गोष्ट

आमच्या घराण्यात सात पिढ्यांत मद्याला कोणी शिवलेलं नाही. आठव्या पिढीचा वैद्य मी.

श्रीमंतांच्या तोफखान्यातल्या एका फिरंगी गोलंदाजाचा सुजलेला अंगठा मी बरा केला. त्याने खूश होऊन द्राक्षांच्या मद्याचं पिंप धाडलं, वर मोडक्या मराठीत ज्ञानही दिलं. रस अर्धवट आंबला की त्यात कडक अर्क ओततात; मग आंबणं थांबतं, गोडी आत राहते आणि जितकं जुनं तितकं उत्तम. म्हटलं, हे तर आपलं आसवच! (वैद्याने आसव म्हटलं की काहीही औषध होतं.) पण फिरंग्याचं पिंप घरात कसं घ्यायचं? कुंभारवाड्यातून कोरा घडा आणला, त्यात सगळं ओतलं आणि तोंड मातीने लिंपलं. सोवळं सांभाळलं आणि तिथेच फसलो!

वर्षाने घडा उघडला. लाल रंग तपकिरी झालेला, तळाशी गाळ, वास भाजल्या अक्रोडाचा. मी हरखलो. पण घडा चार बोटं रिकामा!

"भाऊजी, उरलेलं कुठे गेलं?" वहिनींनी विचारलं.

"वारा प्यायला! कोरी माती पाझरते, वहिनी. अर्क बाहेर उडतो, हवा आत शिरते, तिनेच रंग पालटतो."

"वारा प्यायला आणि डोळे तुमचे लाल?"

"मिरी कुटत होतो!"

माझे थोरले बंधू, दादा, पेठेतले नावाजलेले शास्त्री. ते कडाडले, "अरे, वाळीत टाकतील आपल्याला! प्रायश्चित्त घे!"

"मुळीच घेणार नाही! घडा तुमच्या खोलीत ठेवा, तुमच्या अंगठीचा शिक्का मारा. शेजारी तसाच एक पाण्याचा ठेवा. वर्षाने बघू!"

दादांनी लाखेचे शिक्के मारले, खोलीला कुलूप घातलं, किल्ली जानव्याला बांधली. वर्षाने पेठेतल्या चार शास्त्र्यांसमोर आसवाचा घडा उघडला. आणखी चार बोटं कमी!

सगळे दादांकडे बघायला लागले.

"शिक्का शाबूत आहे!" दादा ओरडले.

"आणि अंगठी आपल्याच बोटात आहे," एक शास्त्रीबुवा म्हणाले.

"किल्लीही त्यांच्याचकडे असते हो," वहिनी आतून म्हणाल्या.

जन्मात मला शहाणा न म्हणालेले दादा रडकुंडीला येऊन माझ्याकडे वळले. "अरे, सांग ना यांना! तो वारा!"

मी दुसरा घडा उघडला. तोही उतरलेला! "आता बोला, शास्त्रीबुवा! कुलूप लावून पाणी कोण चोरून पितं?"

शास्त्र्यांनी माना डोलावल्या. दादा सुटले. मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण वर्षभराचा अपमान उसळून आला होता!

"नुसतं कमी होत नाही, सुधारतं! नवं असताना घशाला चरचरतं. वर्षाने तेच गुळासारखं उतरतं, आणि मागाहून अक्रोडाची चव अशी काही रेंगाळते की..."

दादांनी कपाळाला हात लावला.

पंचगव्य मी एकट्यानेच प्यायलो. तरीही माझं शास्त्र खरं होतं, हे मी आजही भर कसब्यात ठणकावून सांगतो. ऐकणारे फक्त आधी माझ्या तोंडाचा वास घेतात!