सागाचं विमान

माझं पहिलं विमान मी रूप बघून निवडलं, आणि तिथेच चुकलो.

मुंबईच्या एका दुकानाचं सूचीपत्र टपालाने जव्हारला आलं होतं. घरी बांधून उडवायच्या छोट्या विमानांची चित्रं त्यात होती. शेवटच्या पानावर एक साधं, हाताने सोडायचं विमान होतं, आणि नवशिक्यांनी यापासून सुरुवात करावी असं खाली लिहिलेलं. मला रागच आला. संस्थान विलीन झालं तसे आम्ही दरबारचे कारकून मामलेदार कचेरीत आलो होतो, आणि नव्या साहेबांपुढे रोज नवशिके ठरत होतो. आता दुकानदारानेही तेच सांगावं? मी पहिल्या पानावरचं मोठं विमान मागवलं. पोटात रबराचा पीळ, नाकावर फिरता पंखा, असा त्याचा थाट.

हे सगळं हौसेपायी नव्हतं. माझा धाकटा भाऊ लढाईत हवाई दलात गेला होता. भरतीची जाहिरात मीच त्याला वाचून दाखवली होती. ब्रह्मदेशाच्या डोंगरांत त्याचं विमान पडल्याची तार आली, बाकी काहीच आलं नाही. आईने मला कधी बोल लावला नाही. पण तांदूळ निवडता निवडता ती मधेच विचारायची, "एवढं जड ते वर राहतं तरी कसं रे? पडणारच की." तिच्या लेखी तो उडालाच नव्हता, नुसता पडला होता. विमान तरंगतं कसं, हे मला तिला एकदा दाखवायचं होतं. वेळ थोडा होता. तिला काचबिंदू झाला होता आणि नजर फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

खोकं आलं. आतलं लाकूड हातात घेतलं तर वजनच लागेना. नख दाबलं तर खळगा पडला. आम्ही सागाच्या जंगलात वाढलेली माणसं. लाकूड उचलून बघावं, जड लागलं तर चांगलं, एवढंच आम्हाला ठाऊक. दुकानदाराने खेड्यातलं गिऱ्हाईक बघून कुजका माल गळ्यात मारला, अशी माझी खात्री झाली. शेजारच्या सुतारानेही एक पट्टी दोन बोटांत मोडून मान हलवली. ते सगळं लाकूड आम्ही चुलीत घातलं आणि नकाशाबरहुकूम एकेक तुकडा सागात कापला. सगळा हिवाळा त्यात गेला. विमान मात्र बघत राहावं असं झालं.

आईला गावाबाहेर कड्याजवळच्या माळावर नेलं. तेव्हा तिला माणसाचा आकार दिसत होता, रंग दिसत होते. मी पीळ भरला आणि हात उंच करून विमान सोडलं. ते माझ्या पायांशी पडलं. पुन्हा सोडलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा आईच म्हणाली, "राहू दे आता. बघितलं मी." धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं.

उन्हाळ्यात कचेरीच्या कामाने मोखाड्याकडे पोशेऱ्याला गेलो. ज्या म्हाताऱ्याच्या ओटीवर उतरलो, तो बोहाड्याच्या उत्सवात नाचवायची सोंगं, म्हणजे देवादिकांचे लाकडी मुखवटे, कोरायचा. भिंतीवरचं रावणाचं थोरलं सोंग मी दोन्ही हातांनी जोर लावून काढायला गेलो, तर ते एका हातात आलं. मी त्याला माझी कहाणी सांगितली. म्हातारा हसला नाही, तेवढं बरं झालं.

"साग तं घराला, रावसाहेब. नाचनाऱ्याच्या डोक्यावर साग दिला तं त्याची मान मोडंल. सोंगाला पांगाराच."

कोरण्याआधी तो ठोकळा स्वतःच्या डोक्यावर ठेवून अंगणात फिरायचा. डोक्यावर काही आहे हे विसरायला झालं, तरच त्याला पटाशी लावायचा. चुलीत घातलेलं ते मऊ लाकूड माझ्या डोळ्यांपुढे आलं. दुकानदाराने मला मुळीच फसवलं नव्हतं. मी एक हिवाळा जाळला होता, आणि तो माझा नव्हता, आईच्या डोळ्यांचा होता.

म्हाताऱ्याने पांगाऱ्याचा तुकडा दिला. त्यातून मी शेवटच्या पानावरचं साधं विमान कोरलं, नाकाला मेण लावून तोल साधला. मग पाऊस उघडायची वाट बघावी लागली. भाद्रपदात आईची नजर पुरती गेली.

दिवाळीनंतर तिला हात धरून त्याच माळावर नेलं. विमान तिच्या तळहातावर ठेवलं. "हे तर काहीच नाही रे," ती म्हणाली. मी कड्यावरून सोडलं. ते डगमगलं, सावरलं आणि दरीवर निघालं.

"पडलं?"

"नाही. वर आहे."

ती आभाळाकडे तोंड करून उभी राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "अजून?"

"अजून."

"म्हणजे उडत होता तो," आई म्हणाली आणि तिने माझा हात घट्ट धरला.

विमान त्याआधीच खालच्या झाडांत उतरलं होतं. ती विचारत राहिली, आणि मी वर आहे म्हणत राहिलो.