सहलीच्या आधी गाईचा हात बदलावा

मोठ्या पार्कात सगळं घर न्यायचं असेल तर तयारी कुठून सुरू करावी, हे मला कुणी विचारत नाही. माझ्या नातीला विचारतात. ती मोबाईल काढते, तिकिटं दाखवते, कोणता पाळणा उलटा करतो आणि कोणता नुसता भिजवतो ते सांगते. तिचं वय दहा. मी साठी ओलांडलेली, आणि असल्या ठिकाणी जन्मात एकदाच गेलेली, तेही वीसेक वर्षांपूर्वी. तरी न विचारता सांगते: तयारी गोठ्यातून सुरू करावी.

आमचं गाव सुप्याच्या रस्त्यावरून आत आहे. मुलगा तिथल्या कारखान्यात जातो. सून घर आणि तीन गाई बघते. त्यातल्या दोन गाईंना धारेचं मशीन चालतं. ते शेजारचं कुणीही येऊन लावून देतं. तिसरी तांबडी. तिला मशीन दाखवलं की ती लाथ झाडते, आणि सुनेखेरीज दुसरा हात लागला की पान्हा चोरते. कास भरलेली, सड ताठ, पण दूध म्हणून उतरत नाही. एक वेळ दूध राहिलं की कासेला दगडी व्हायची, म्हणजे ती सुजून कडक व्हायची भीती. तांबडीच्या आधी तिची आई होती, तीही याच तऱ्हेची. म्हणजे लग्न होऊन आल्यापासून आमची सून संध्याकाळच्या धारेला घरी नाही, असं झालं नाही. सख्ख्या भावाच्या लग्नात अक्षता पडल्या, तशी ती तोंडात घासही न घालता टेम्पोत बसून परत आली होती.

पार्काचं ठरलं ते मुलाच्या गुरुवारच्या सुट्टीला धरून. (शनिवार-रविवारी जाऊच नये. माणसं बघायची तर आठवडे बाजार आहेच.) पार्क घाटाखाली, मुंबईकडं. पहाटे निघायचं, दिवसभर तिथं, रात्री पुण्यात माझ्या लेकीकडं मुक्काम, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरी. नातीनं वहीत सगळं लिहून काढलं. मग मान वर करून म्हणाली, "मम्मी येणार नसली तर मी पण न्हाई जाणार."

"अगं, तिला कुठं आवडतं तसलं," मुलगा म्हणाला.

सून भाकरी थापत होती. तिनं हात न थांबवता म्हटलं, "जा तुमी. मला चक्कर येती उंचावर."

मी मटकी निवडत होते. माझा हात थांबला. हीच बाई पंचमीच्या झोक्यावर अशी चढते की खाली उभ्या बायका डोळ्यांवर हात धरतात. हिला चक्कर? पण मी गप्प बसले, कारण गाईपायी घरी राहणाऱ्या बाईला मी आधीही एकदा बघितलं होतं. आणि तिला घरी ठेवणारी मीच होते.

ती गोष्ट सांगायची तर तेव्हाच्या मला आधी सांगायला हवं. तेव्हाची मी म्हणजे मोठी शहाणी. पोरं शाळेत, गावातल्या दोन घरांनी मिळून जीप ठरवलेली, आणि सहलीचा सगळा कारभार माझ्याकडं. मी चाळीस दशम्या केल्या. डबाभर शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा, दोन किलो चिवडा. जसं काही आम्ही पार्कात नाही, दुष्काळात निघालो होतो. आणि पिशवीच्या तळाशी, दशम्यांच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळून लपवलेला एक पंजाबी ड्रेस. तालुक्याला गेले तेव्हा चोरून घेतलेला, मोरपंखी. पाण्याच्या खेळात साडी चालत नाही असं कुणीतरी सांगितलं होतं. खरं सांगते, चालत असती तरी मी तो घेतलाच असता.

अडचण एकच होती. माझी सासू. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आत्या बरोबर आल्या तर डोक्यावरचा पदर हलवायची सोय नाही, ड्रेस तर लांबच. आणि आत्या येणार होत्या. आठ दिवस आधीपासून त्यांनी नवं लुगडं उशाला घेऊन ठेवलं होतं. मुलांना विचारायच्या, "त्यो पाळना वर गेला की काय दिसतं रं?"

निघायच्या आदल्या दिवशी मी गोठ्यातून चेहरा करून आले आणि म्हणाले, "आत्या, गाय आज-उद्या व्यायला झालीया. कुणीतरी पायजे घरी."

गाईला अजून पंधरा दिवस होते.

आत्या उठल्या, गोठ्यात गेल्या, गाईच्या पाठीवरून, मग शेपटीच्या मुळाशी हात फिरवला. परत आल्या. म्हणाल्या, "व्हय. कुणीतरी थांबाया पायजे." आणि लुगडं घडी न मोडता ट्रंकेत ठेवलं.

मला वाटलं, काय फसवलं म्हातारीला! चाळीस वर्षं गाईंची बाळंतपणं केलेली बाई. तिला शेपटीच्या मुळाशी हात लावून कळलं नसेल? पण ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला पुष्कळ वर्षं लागली. तोवर आत्या गेल्या होत्या.

पार्कात काय झालं म्हणाल, तर फाटकावरच्या माणसानं पिशवीत हात घातला आणि म्हणाला, घरचं खाणं आत नेता येणार नाही. (हे आधी फोन करून विचारून घ्यावं. आणि बाळाचं किंवा औषधपाण्याचं काही असेल तर तेही विचारावं, काही ठिकाणी नेऊ देतात.) मी कसली टाकून देतेय! सगळ्यांना फाटकाबाहेर उन्हात बसवलं आणि दशम्या संपवायला लावल्या. त्याच पोटानं पाळण्यात बसलो. कोण कुठं ओकलं ते लिहीत नाही. मोरपंखी ड्रेसला ठेच्याचा वास बसला होता. तो घालून मी पाण्यात उतरले, आणि सांगते तुम्हाला, एका माणसानं वळून पाहिलं नाही. आमच्या ह्यांनीसुद्धा नाही. ते पोरांच्या चपला शोधत होते.

मोठ्या पाळण्यात मी सगळा वेळ डोळे मिटून दांडा धरून बसले होते.

घरी आले तर आत्यांनी चूल पेटवून पाणी तापवून ठेवलं होतं. गाईचं विचारायचं मला सुचलं नाही, त्यांनीही काढलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "वर गेल्याव काय दिसलं गं?"

"अख्खं जग दिसतं, आत्या," मी म्हणाले. डोळे मिटलेली बाई.

त्या हसल्या. पुढं कितीदा तरी, धार काढताना, निवडण करताना, म्हणायच्या, "जगात काय काय हुतं, सांग की." आणि मी दर वेळी नवीन थाप मारायची. समुद्र दिसतो. विमान खालून जातं. त्या ऐकून घ्यायच्या. ही थापसुद्धा त्यांना गाईच्या थापेसारखीच कळत असणार.

तर त्या दिवशी मटकी बाजूला सारून मी म्हणाले, "सगळी जा. तांबडीला मी बघते."

मुलगा हसला. सून पण हसली, "आत्या, ती तुमाला हुभं करत न्हाई."

"अजून महिना हाय. करंल."

पार्काला जायच्या आधी एक महिना गाईचा हात बदलायला घ्यावा, तो असा. पहिल्या आठवड्यात मी नुसती सुनेजवळ बसायची. दुसऱ्या आठवड्यात तिच्या हातावर माझा हात. तांबडी मान वळवून माझ्याकडं असं बघायची की मीच चोर. मग सुनेचा धारेचा जुना गाऊन मी अंगावर चढवला, तिच्या घामाचा, पेंडीचा वास असलेला. तो माझ्या टाचेखाली लोळायचा. नात पोट धरून हसली. "आजी, फोटो काढू?"

"काढ. पण गाईला दाखवू नको, वळखंल ती."

तिसऱ्या आठवड्यात तांबडीनं मला लाथ घातली. बादली एकीकडं, मी शेणात. सून धावत आली, मला उठवलं, आणि गाऊनवरचं शेण पुसता पुसता हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आत्या. मला खरंच न्हाई जायाचं." आवाज असा, की जायचं होतंच.

"मला तर जायाचं हुतं," मी म्हणाले, "आन् मी गेले. तवा कुनाला ठिवलं घरी, ठाव हाय का?" आणि तिथंच शेणात बसल्या बसल्या मी तिला आत्यांच्या लुगड्याची गोष्ट सांगितली. आजवर कुणाला सांगितली नव्हती. माझा हात धरून तिनं मला पुन्हा गाईपाशी बसवलं.

चौथ्या आठवड्यात तांबडीनं माझ्या हाताला दूध दिलं. सून शेजारी उभी असली तरच.

बाकीची तयारी नातीनं आणि मी केली. दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं रेघ मारून तिची उंची मोजली, कारण मोठ्या पाळण्यापाशी उंची बघतात आणि दोन बोटं कमी भरली तर लेकरू रडत परत येतं. तिच्या खिशात आईबापाचा नंबर लिहून घातला. चुकामूक झाली तर कुठं थांबायचं ते ठरवलं. सुनेसाठी पाण्यात चालणारे कपडे आणले, आणि पिशवीच्या तळाशी नाही, सगळ्यात वर ठेवले. दशम्या दिल्या फक्त वाटेपुरत्या.

गुरुवारी धार काढूनच ती निघाली. जाताना तीनदा मागं वळली.

संध्याकाळी गाऊन घालून मी तांबडीपाशी बसले. पेंड ठेवली. कास धुतली, सड ओढले. काही नाही. तिनं मान वळवली, माझ्या मागं बघितलं. तिथं कुणी नव्हतं. पुन्हा कासेला हात लावला तर तिनं पाय उचलला. अर्धा तास गेला. बादलीच्या तळाला पाण्याचे चार थेंब, ते कास धुतल्याचे.

फोन वाजला. सून. मागं पोरांचा कालवा, गाणी.

"आत्या, दिली का हो तिनं?"

मी बादलीकडं बघितलं.

"आमी अजून मोठ्या पाळण्यात बसलो न्हाई," ती म्हणाली, "लई मोठी रांग हाय. पन दिली नसंल तर आत्ताच निघतो. मुक्काम नको. रातच्याला येते मी घरी."

माझ्या गाईची कास खरंच दगडासारखी लागत होती. ती आजारी पडली तर वर्षभर सुनेलाच निस्तरायचं होतं. हे सगळं कळत असून मी म्हणाले, "बादली भरली. तू पाळण्यात बस. आन् डोळं उघडं ठिव."

फोन ठेवला. एक थाप मारून मी एका बाईला घरी ठेवलं होतं. आता दुसरी थाप मारून एकीला घराबाहेर ठेवलं. पहिलीचं तर काही करता येणार नव्हतं.

मी सड सोडले. नुसतं गाईच्या कुशीला डोकं टेकून बसले. काय करावं सुचेना, म्हणून बोलायला लागले, जसं आत्यांशी बोलायची तसं. पण या वेळी खरं. म्हणाले, मी डोळे मिटले होते. मला काही दिसलं नव्हतं. गाय व्यायला झाली नव्हती. किती वेळ बोलले माहीत नाही. माझ्या बोलण्यानं झालं की नुसतं बसून राहिल्यानं, हे मी सांगू शकत नाही. पण केव्हातरी हाताखाली कास सैल पडली आणि धार लागली. पूर्ण नाही. पाव बादली. कास मऊ होण्याइतकी. सकाळी अर्धी.

दुपारी गाडी आली. सून घरात न येता सरळ गोठ्यात गेली. तांबडीच्या कासेवरून हात फिरवला, एकदा, मागून पुढं. मग माझ्याकडं बघितलं.

"आत्या, काल बादली भरली व्हती म्हनं?"

"भरली व्हती की. काठोकाठ फुडच्या आठवड्यात भरंल."

ती हसली नाही. कळलं होतं तिला. माझा हात हातात घेऊन तिनं जरा दाबला आणि सोडला.

संध्याकाळी ती धारेला बसली. तांबडीनं तिचा हात हुंगला आणि झटकन बाजूला सरली. पार्कातल्या पाण्याच्या औषधाचा वास अजून तिच्या अंगाला होता. सुनेनं पुन्हा हात लावला, गाय पुन्हा सरली. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा आत्या! येका दिवसात इसरली मला."

"बस तिच्यापाशी. घाई करू नको," मी म्हणाले आणि उलटी बादली घेऊन शेजारी बसले. "ती पान्हा सोडंस्तोवर सांग मला. वर गेल्याव काय दिसलं?"

तिनं डोळे पुसले. थोडा विचार केला.

"पाळना पार वर जाऊन थांबला, आत्या. मला वाटलं लई कायतरी दिसंल. तर पार्काची मागची भिंत. भिंतीपल्याड शेत. तिथं एक बाई गवत कापीत व्हती. तिच्याजवळ म्हैस बांधलेली. पाळना हालंस्तोवर मी तिलाच बघत बसले. तिनं एकदा बी वर बघितलं न्हाई."

सुनेनं नकळत सड धरले होते.

"मग?" मी विचारलं.

"मग म्या हात हालवला," सून म्हणाली.